कंसातले उत्तर : उखाणा, घरातली वस्तू आणि मराठी समीक्षेचे मौन

१

मराठी लोकसाहित्याच्या छापील संग्रहांत उखाण्याचे प्रकरण बहुधा शेवटी येते. ओव्या, कहाण्या, भलरी, म्हणी यांचे विवेचन आटोपले की उरलेल्या पानांत शे-दीडशे उखाणे क्रमांक घालून दिलेले असतात आणि प्रत्येकापुढे कंसात त्याचे उत्तर छापलेले असते : सूप, चाळणी, जाते, कुलूप, सुई, चूल, लसूण. संपादकाला हा कंस वाचकाची सोय वाटतो. वस्तुतः तो एका वाङ्मयप्रकाराचा मृत्युलेख आहे. ज्या उक्तीचे सारे सामर्थ्य नाव रोखून धरण्यात असते, ती उक्ती नावासकट एका ओळीत मांडली की तिच्यातला काळ नाहीसा होतो. घालणारी आणि ओळखणारी यांच्यामधला तो क्षण, त्यातली चुकीची उत्तरे, त्या उत्तरांवर उठणारे हसू, हरल्याची कबुली आणि मग उलगडणारी वस्तू, हे सर्व गळून पडते. मागे उरते ते एक वर्णन आणि त्याचे लेबल.

मराठी समीक्षेने या कंसाकडे क्वचितच संशयाने पाहिले आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमांत उखाण्याला एखादे पान मिळते; त्या पानावर ‘बुद्धीला चालना’, ‘मनोरंजन’, ‘बालमनाचा विकास’ अशी ठरावीक प्रयोजने नोंदवली जातात आणि विद्यार्थी तीच उत्तरपत्रिकेत उतरवतो. यातला अन्याय केवळ एका दुर्लक्षित प्रकारावरचा असता तर तो सौम्य शब्दांत नोंदवून पुढे जाता आले असते. परंतु प्रश्न त्याहून मोठा आहे. घरातली वस्तू ही ज्यांच्या श्रमाची जागा होती, त्यांनी त्या वस्तूविषयी केलेला विचार मराठी समीक्षा विचार म्हणून मान्य करते की नाही, हा तो प्रश्न होय. आजवरचे उत्तर नकारार्थी आहे. ते बदलले पाहिजे, आणि का बदलले पाहिजे हे पाहण्यासाठी बीडसारखा जिल्हा अधिक उपयोगी आहे.

उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा, मधून गेलेली बालाघाटाची रांग, अकरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २५.८५ लाख लोकसंख्या असलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठी वाङ्मयेतिहासात त्याचे नाव अंबाजोगाईमुळे अजरामर झाले आहे. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. पंचीकरणाचा विचार दासोपंतांनी कापडावर लिहिला आणि वाङ्मयेतिहासाने त्या कापडाला ग्रंथाचा मान दिला. पासोडी म्हणजे मुळात अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. म्हणजे घरातली वस्तू तत्त्वचिंतन वाहून नेऊ शकते, हे मराठी वाङ्मयेतिहासाला चांगलेच ठाऊक आहे. अट इतकीच की तिच्यावर लिहिणारा संतकवी असला पाहिजे. त्याच गावात, त्याच शतकांत, तशाच वस्त्रांची धुणी धुणाऱ्या बायकांनी वस्तूंविषयी जे रचले त्याला मात्र ‘करमणूक’ हे नाव मिळाले.

२

प्रथम शब्दाचा विचार करावयास हवा. उखाणा या एकाच शब्दाच्या वाट्याला दोन नशिबे आली. ग्रामीण बोलीत उखाणा म्हणजे कोडे. कोकण-गोव्याकडे त्यालाच हुमाण म्हणतात, अन्यत्र आहणा. शहरी मध्यमवर्गीय मराठीत मात्र उखाणा म्हणजे लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात पतीचे नाव यमकात गुंफून घेणे. हा दुसरा अर्थ आज इतका प्रबळ झाला आहे की पदव्युत्तर वर्गात ‘उखाणा’ हा शब्द उच्चारताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे चांदीचे ताट आणि समई उभी राहते. नाव घेण्याच्या उखाण्यांच्या पुस्तिका बाजारात खपतात; कोड्याच्या उखाण्याला बाजार नाही.

या दोन अर्थांत मूलतः वैर नाही. दोन्हींत नाव लांबवले जाते. पतीचे नाव उच्चारू नये हा निर्बंध एका प्रकाराच्या मुळाशी आहे; वस्तूचे नाव उच्चारावयाचे नाही हा नियम दुसऱ्याच्या मुळाशी आहे. दोन्ही ठिकाणी स्त्रिया नावाभोवती भाषेची वाट वाढवतात आणि त्या वाटेवर खेळतात. भेद आहे तो वस्तूच्या स्थानाचा. नाव घेण्याच्या उखाण्यात ताट, तांब्या, समई, रांगोळी या वस्तू यमकापुरत्या येतात. त्यांची जागा दुसऱ्या कोणत्याही दोन अक्षरांच्या वस्तूने घेतली तरी अर्थाचे काही बिघडत नाही. त्यांना वजन नाही, झीज नाही, धूर नाही. कोड्याच्या उखाण्यात वस्तू हाच विषय असतो. तिचा आकार, तिची हालचाल, तिचे तोंड, तिचे पाय, ती कोणाच्या हातात असते आणि काय करते, यावाचून उखाणा उभाच राहत नाही. शहरी मध्यमवर्गाने एका शब्दाच्या दोन अर्थांपैकी ज्याच्यात वस्तू शोभेची होती तो ठेवला आणि ज्याच्यात ती कामाची होती तो टाकून दिला. या निवडीला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

३

उखाण्याला वाङ्मय न मानण्यामागे एक शास्त्रीय वारसाही सांगितला जातो. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त प्रहेलिका ही रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकार मानण्याचे नाकारले, तिच्यात उक्तीचे वैचित्र्य तेवढे आहे, असे त्याचे म्हणणे. त्याही आधी भामहाने ज्या काव्याला समजण्यासाठी टीकेची गरज पडते त्याविषयी नापसंती दाखवली होती. रससिद्धान्ताच्या छायेत वाढलेल्या मराठी समीक्षेने हा निकाल जवळजवळ न तपासता स्वीकारला.

परंतु परंपरा एकमुखी नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आणि तिचे उपयोगही नोंदवले : रसिकांच्या गोष्ठीतली क्रीडा, गर्दीत जाणकारांशी गुप्तपणे बोलणे, आणि इतरांना संभ्रमात टाकणे. यातला दुसरा उपयोग लक्षपूर्वक वाचावयास हवा. चार पिढ्यांच्या एकत्र कुटुंबात, सासू-सासरे-दीर-भावजया यांच्या कानांनी भरलेल्या घरात, ज्यांना उघड बोलण्याची मुभा नव्हती त्यांना गर्दीत गुप्तपणे बोलण्याची विद्या किती मोलाची होती, हे सांगण्यास दंडीची साक्षही पुरेशी आहे. सहाव्या-सातव्या शतकांतला हा आचार्य आजच्या अभ्यासक्रमापेक्षा या बाबतीत अधिक उदार होता, असे म्हणणे वावगे ठरू नये. कामसूत्रातील चौसष्ट कलांतही प्रहेलिकेची गणना आहे.

आणि वैदिक परंपरेचे काय? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एकशे चौसष्टाव्या सूक्तात दीर्घतमस् ऋषी बारा आऱ्यांच्या चाकाविषयी बोलतो आणि अभ्यासक त्यात संवत्सराचे दर्शन घेतात. यज्ञप्रसंगीच्या ब्रह्मोद्यांत ऋत्विज एकमेकांना कूटप्रश्न घालतात आणि त्याला ज्ञानमीमांसा म्हटले जाते. चाक ही सुताराने घडवलेली, गाडीला जोडायची, चिखलात रुतणारी वस्तू आहे. ऋषीने तिच्यावरून वर्ष ओळखावयास लावले तर ते दर्शन. बीडमधल्या एखाद्या बाईने सुपावरून आकाश ओळखावयास लावले तर ती मुलांची करमणूक. दोन्हींतली बौद्धिक क्रिया एकच आहे. फरक आहे तो उच्चारणाऱ्याच्या जातीत, लिंगात आणि तो उच्चार ज्या जागी होतो त्या जागेच्या प्रतिष्ठेत. समीक्षेने हा फरक वाङ्मयीन मूल्याचा फरक म्हणून खपवला.

पाश्चात्त्य विचाराचा आधार घ्यावयाचा तर तोही विश्वनाथाच्या बाजूने उभा राहत नाही. चांगल्या कूटांतून चांगली रूपके मिळतात, असे ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’मध्ये म्हटले आहे, कारण रूपकाच्या पोटात कूट असतेच. १९१७ मध्ये श्क्लोव्हस्कीने अपरिचितीकरणाची कल्पना मांडताना टॉलस्टॉयबरोबरच लोकांतली कोडीही उदाहरणादाखल घेतली. मराठी समीक्षेने अपरिचितीकरण ही संज्ञा उत्साहाने उचलली, नवकवितेला लावली, नवकथेला लावली. ज्या घरगुती प्रकारावरून ती अंशतः सुचली होती त्याकडे मात्र वळून पाहिले नाही.

४

सिद्धान्त बाजूला ठेवून काही सर्वपरिचित उखाण्यांचा आशय पाहू. येथे त्यांची शब्दकळा उद्धृत न करता केवळ प्रतिमा घेतल्या आहेत, कारण मुद्दा प्रतिमेचाच आहे.

आकाश म्हणजे लाह्यांनी भरलेले सूप आणि त्या लाह्यांत पडलेला एकच रुपया, अशी कल्पना एका उखाण्यात आहे. उत्तर चांदण्या आणि चंद्र. हे ‘सुंदर निसर्गवर्णन’ म्हणून सोडून देता येत नाही. सूप हे पाखडण्याचे साधन; ते बाईच्या दोन हातांत, मांडीजवळ असते. उखाणा आकाशाला त्या मापात बसवतो. विश्वाला घराच्या परिमाणात आणण्याची ही क्रिया तत्त्वज्ञानाला अपरिचित नाही. शिवाय लाह्या अगणित आणि रुपया एकच आहे. ज्या घरात धान्य हीच संपत्ती आहे आणि रोकड क्वचितच दृष्टीस पडते, त्या घरातच चंद्र रुपया होऊ शकतो. जेथे नाण्यांचे ढीग असतात तेथे ही प्रतिमा सुचली नसती. एका ओळीत येथे एक अर्थव्यवस्था बसलेली आहे.

दुसरा उखाणा कुलपाचा. एवढेसे पोर सगळे घर राखते, असे त्याचे सांगणे. ऐकणारा पोराचा शोध घेतो आणि शेवटी कुलूप सापडते. परंतु कुलपासाठी पोराचीच प्रतिमा का? कारण जेथे आईबाप दोघेही कामाला जातात तेथे घर राखण्याचे काम पोरावरच असते. कुलूप ही नंतर आलेली, विकत घेतलेली वस्तू. ती पोराच्या जागी बसते. उखाण्याने पोरावरून कुलूप ओळखावयास लावले, परंतु समाजाचा क्रम उलटा आहे : कुलूप नव्हते म्हणून पोर होते.

तिसरा उखाणा लसणाचा, आणि तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. कोकणातून एक सखी येते, तिच्या मानेवर ठोसा बसतो आणि तिच्या लेकी घरभर पसरतात. उत्तर मिळाल्यावर सगळे हसतात, कारण लसणाचा गड्डा फोडताना हेच घडते. पण उत्तराने प्रतिमा पुसली जात नाही. लांबच्या मुलखातून आणलेली बाई, तिला झालेली मारहाण, आणि तिच्या पोटी लेकीच लेकी : हा वृत्तान्त लसणाच्या निमित्ताने भर घरात, मारणाऱ्यांच्या देखत सांगितला जातो. दंडीचे गर्दीतले गुप्त बोलणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? बालवाडीच्या पुस्तकात हा उखाणा रंगीत चित्रासह छापला जातो. चित्र लसणाचे असते.

चौथ्यात लांब दाढीमिशांच्या पाटीलबुवांना रामराम घातला आहे. उत्तर मक्याचे कणीस. ज्या गावगाड्यात पाटलाच्या दाढीला हसणे परवडणारे नव्हते, तेथे हे हसू उत्तराच्या जामिनावर सुटते. कोणी जाब विचारलाच तर कणीस पुढे करता येते. फिनिश लोकसाहित्यशास्त्रज्ञ एल्ली क्यॉन्गास मारांडा यांनी १९७१ मध्ये मिथक आणि कोडे यांच्यात केलेला भेद येथे आठवतो : मिथक प्रस्थापित व्यवस्थेला बळकटी देते, तर कोडे तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करते. हा भेद सर्वत्र जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. परंतु पाटलाच्या कणसाला तो लागू पडतो, आणि लसणालाही.

५

गेल्या तीन-चार दशकांत मराठी समीक्षेत दोन प्रबळ प्रवाह आले : संरचनावादी आणि देशीवादी. उखाण्याच्या बाबतीत दोघांनीही निराशा केली आहे.

रॉबर्ट जॉर्जेस आणि ॲलन डंडीस यांनी १९६३ मध्ये कोड्याची संरचनात्मक व्याख्या मांडली. एक वा अनेक वर्णनघटक, त्यांत कधी विरोध, कधी विरोधाचा अभाव, आणि ओळखावयाचा विषय, असा तो आराखडा. तो उपयुक्त आहे यात शंका नाही. सुईला डोळा आहे पण दिसत नाही, येथला विरोध त्याने चटकन दाखवता येतो. परंतु मराठीतील संरचनावादी उपयोजन बहुधा तेथेच थांबते. विरोध सापडला, तक्ता काढला, प्रबंधाचे प्रकरण संपले. वस्तू तक्त्यात ‘विषय’ या रकान्यात जाऊन बसते आणि तिच्यातून हाताचे घट्टे, धूर आणि वजन निघून जाते. बळद म्हणजे भिंतीतली धान्याची कोठी. ती भरलेली असणे आणि रिकामी असणे यांत एका कुटुंबाचे वर्ष असते. संरचनेच्या तक्त्याला दोन्ही बळदे सारखीच.

देशीवादाची अडचण निराळी. ‘टीकास्वयंवर’ (१९९०) आणि त्याभोवतीच्या चर्चेने मराठी समीक्षेला आपल्या भूमीकडे, मौखिकतेकडे, बोलींकडे पाहण्याचा धडा दिला, हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु लोकसाहित्याच्या अभ्यासात या धड्याचे रूपांतर बरेचदा अभिमानात झाले. उखाणा ‘आपल्या मातीतला’ म्हणून गौरवला की विश्लेषणाची जबाबदारी संपते. वस्तुस्थिती अशी की एका डोळ्याची, लांब शेपटीची सुई इंग्रजी बालगीतांतही आहे आणि दर टाक्यागणिक तेथेही तिची शेपटी कमी होते. इंग्रजी भाषकांची मौखिक कोडी एकत्र करणाऱ्या आर्चर टेलरच्या १९५१ च्या ग्रंथात घरातल्या वस्तूंची कोडी भरभरून आहेत. कल्पनाबंध प्रवास करतात. त्यांवर कोणत्याही मातीला मालकी सांगता येत नाही. स्थानिक असते ते दुसरे काही : घर. माळवदाचे छत, बळद, उतरंड, काठवट, वाकळ, चुंबळ यांनी बनलेले घर, आणि त्या घरात कोण कोणाला, कोणत्या वेळी, कोणासमोर उखाणा घालू शकते याचे नियम. देशी म्हणून काही शोधावयाचे असेल तर ते येथे शोधले पाहिजे, आणि ते शोधताना जात व लिंग यांचे प्रश्न टाळता येत नाहीत. कुंभाराचे मडके ज्या घरात उतरंडीला लागते त्या घरात कुंभारणीला कोठवर प्रवेश होता? हा प्रश्न मडक्याच्या उखाण्याच्या अर्थाचाच भाग आहे.

टेलरकडून आणखी एक धडा घेण्यासारखा होता. त्याने कोड्यांची मांडणी उत्तरांनुसार न करता वर्णनात येणाऱ्या प्रतिमेनुसार केली : जिवंत प्राण्याची उपमा, माणसाची उपमा, अनेक माणसांची, वनस्पतीची, वस्तूची. अशा मांडणीत वाचकाला प्रथम भेटते ते पाहण्याचे वळण. मराठी संग्रहांत मात्र उखाणे ‘भांडी’, ‘भाज्या’, ‘अवयव’ अशा उत्तरांच्या पेट्यांत टाकले जातात. पेटीवरच उत्तर लिहिलेले असताना आत कोडे उरत नाही.

६

‘संकलन झाले म्हणजे जतन झाले’ हा तिसरा आणि सर्वांत सोयीचा समज. त्याविरुद्ध ओवीचे उदाहरण पुरेसे आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून सरोजिनी बाबर यांच्या संपादनकार्यापर्यंत ओवीला आस्थेवाईक संग्राहक लाभले, दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) आणि प्रभाकर मांडे यांच्या लेखनातून लोकसाहित्याचे शास्त्र मराठीत उभे राहिले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प चालवला, त्यात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात झालेले ध्वनिमुद्रण त्याच प्रकल्पाचा भाग आहे. बाबासाहेबांविषयी तेथील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या आज ‘पारी’च्या संग्रहात ऐकता येतात. तेथे गाणारीचे नाव आहे, गाव आहे, आवाज आहे. ओवी कोणाची, हा प्रश्न तेथे विचारला गेला, म्हणून ती ओवी वाङ्मयही राहिली आणि साक्षही झाली.

उखाण्याला हा न्याय मिळाला नाही. तो कोणी घातला, कोणाला घातला, चुकीची उत्तरे कोणती आली, त्यांतले कोणते मान्य झाले, कोणत्या उत्तरावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या, यांची नोंद आढळणे दुर्मीळ आहे. चुकीचे उत्तर हा उखाण्याचा निम्मा अर्थ असतो. अनेक उखाण्यांचे पहिले, मनात येणारे पण उच्चारता न येणारे उत्तर शारीर असते आणि निरुपद्रवी वस्तू हे दुसरे उत्तर असते. कंसात फक्त दुसरे छापले जाते. अशा रीतीने संकलनातच एक सोवळेपणा काम करतो आणि त्यालाच जतन म्हटले जाते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. वस्तूच गेल्या, मग उखाणे राखून काय उपयोग? जाते गेले, गिरणी आली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यांतही पोचवला. उखळ, रवी, फुंकणी आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेलीही नसते. तेव्हा उखाणा संग्रहालयात गेला तर बिघडले काय? हा आक्षेप ज्या हळहळीतून येतो तिचाही समाचार घेतला पाहिजे. जात्याविषयीचा उमाळा हा ज्यांनी दळले नाही त्यांचा उमाळा आहे. पहाटे उठून पायली-पायली दळणाऱ्या, चुलीच्या धुराने डोळे गमावलेल्या बाईला ती वस्तू परत नको असते आणि तिने ती परत मागावी अशी अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. उखाण्याचे महत्त्व वस्तू हरवल्याच्या दुःखावर उभारता येणार नाही.

ते उभारावे लागत नाही, कारण उखाणा वस्तूला बांधलेला नाही. तो वस्तूकडे पाहण्याच्या रीतीला बांधलेला आहे. कॅरमचा फळा ही काही गावगाड्यातली वस्तू नव्हे. तरी चार बिनपाण्याच्या विहिरी, अठरा चोर आणि एक राणी असलेले शहर मराठी उखाण्यात कधीच वसले आहे. काडेपेटीतली काडीही काळी टोपी घालून उखाण्यात येऊन बसली. कारखान्यातून आलेल्या वस्तूलाही जुन्याच धिटाईने तोंड, डोके, संसार देणारा हा प्रकार मृत म्हणता येत नाही. मृत आहे तो त्याच्याविषयीचा अभ्यास.

७

आता मूळ प्रश्नाकडे. घरातल्या वस्तूंविषयीचा हा विचार आज समीक्षेला कशासाठी हवा? बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर ऐकू येते, आणि ते संग्रहांत नसून ऊसतोडीच्या व्यवहारात आहे.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. गळीत हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने, फडाजवळच्या कोपीत राहतात. बरोबर नेता येईल तेवढेच घर बरोबर जाते : एखादी परात, तवा, घागर, वाकळ. गावातले घर कुलपाच्या किंवा म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हवाली असते. एवढेसे पोर घर राखते हा उखाणा येथे उखाणा राहत नाही. त्याचे उत्तर पोर हेच असते.

या व्यवहारात मुकादम उचल देताना माणसे मोजत नाही. तो कोयते मोजतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. घरातल्या, शेतातल्या हत्याराचे नाव दोन जिवंत माणसांना मिळून दिले गेले आहे आणि त्या नावाखाली बाईची मजुरी नवऱ्याच्या हिशेबात विरघळून जाते. हेही रूपकच आहे. साहित्यशास्त्राच्या भाषेत लक्षणा. परंतु त्याची दिशा उखाण्याच्या नेमकी उलट आहे. उखाणा वस्तूला माणूस करतो : कुलपाला पोर, लसणाला सखी, कणसाला पाटील. मुकादमाची वही माणसाला वस्तू करते. उखाण्यात नाव लपते ते शेवटी उघड होण्यासाठी. वहीत नाव लपते ते कधीच उघड होऊ नये म्हणून.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला आणि शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. बोलीत या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. पिशवी. बाजाराला जाताना हातात धरायची, फाटली की टाकायची, खुंटीला अडकवायची वस्तू. हा शब्द कोणी दुष्टपणाने घडवला असे नाही. तो संकोचातून आला, जवळिकीतून आला, आणि नंतर सोयीचा झाला. अवयवाला वस्तूचे नाव असले की तो काढून ठेवणे सोपे वाटते. वस्तूला देह देणारी भाषा आणि देहाला वस्तू करणारी भाषा एकाच जिल्ह्यात, एकाच स्त्रियांच्या तोंडी आहे. या दोहोंतील अंतर मोजणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे, तर कोणाचे? अर्थशास्त्रज्ञ मजुरी मोजील, वैद्यक शस्त्रक्रिया मोजील. शब्दाची दिशा मोजण्याची विद्या समीक्षेपाशी आहे, आणि ती विद्या शिकण्याची सर्वांत जवळची शाळा उखाणा हीच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी शिलालेख, ‘गाथासप्तशती’, ‘लीळाचरित्र’ अशा लिखित प्रमाणांचा आधार मांडला. दर्जाचे निकष प्राचीन ग्रंथांची मागणी करीत होते, तेव्हा समितीने तेच मांडणे उचित होते. परंतु निकष हे अर्जासाठी असतात, अभ्यासासाठी नव्हेत. दर्जा मिळाल्यानंतर विद्यापीठे पुन्हा केवळ हस्तलिखितांकडे आणि शिळांकडे वळली, तर ज्या भाषेचा गौरव झाला तिच्या बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचा विचार पुन्हा एकदा कंसात जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. उखाण्यावरचा यापुढचा प्रबंध उत्तरांची यादी देऊन संपू नये. उखाणा कोणी कोणाला घातला, केव्हा, कोणती वस्तू हाताशी असताना, कोणती उत्तरे आली आणि कोणती नाकारली गेली, एवढे त्याने नोंदवावे. घालणारीचे नाव, तिची संमती असेल तर, नोंदवावे, कारण ती रचनाकार आहे, माहितीचा स्रोत नव्हे. मांडणी प्रतिमेनुसार करावी. आणि विश्लेषण करताना ‘बुद्धीला चालना’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. त्या बायकांच्या बुद्धीला चालना देण्याची गरज नव्हती. ती चालतच होती. चालना हवी आहे ती हे उखाणे उत्तरांसह छापून मिटवून टाकणाऱ्या अभ्यासाला.